लाथा, अपघात आणि बॉम्ब : विरळ घटनांच्या गणिताचा इतिहास

संभाव्यतेच्या शास्त्राचा उगम जुगाराच्या पटावर झाला, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतके रुळले आहे की, त्या शास्त्राची पुढची वाढ न्यायालये, लष्कर, कारखाने आणि विमा मंडळे यांच्या नोंदवह्यांत झाली, ही गोष्ट सहसा नजरेआड राहते. ज्या गोष्टींची संख्या शून्य, एक, दोन, तीन अशी पूर्णांकांतच सांगावी लागते त्यांच्या गणिताबाबत तर हे अधिकच खरे आहे. एका वर्षात एखाद्या लष्करी तुकडीत किती मृत्यू झाले, एका कामगाराला किती अपघात झाले, सूक्ष्मदर्शकाखालच्या एका चौरसात किती पेशी दिसल्या, अशा प्रश्नाच्या प्रत्येक शक्य उत्तराला किती संभाव्यता आहे हे सांगणाऱ्या नियमाला खंडित संभाव्यता वितरण म्हणतात. आणि एकाच सूत्रातील एकदोन स्थिरांक, म्हणजेच प्राचल, बदलत गेल्याने अशा नियमांचा जो समूह मिळतो त्याला वितरणांचे कुल म्हणतात. ही कुले गणितज्ञांनी आधी रचली आणि मग त्यांचे उपयोग शोधले, असा क्रम प्रत्यक्षात फारसा दिसत नाही. जुने सूत्र नोंदींशी जुळेनासे झाले, न जुळण्याच्या मुळाशी माणसामाणसांतली किंवा ठिकाणाठिकाणांतली कोणती विषमता आहे याचा शोध सुरू झाला, आणि त्या शोधात नवे सूत्र हाती आले, असेच बहुतेक वेळा घडले.

या घराण्यातील सर्वांत जुना पुरुष म्हणजे द्विपद वितरण होय. एकच प्रयोग ठरावीक वेळा केला, प्रत्येक वेळी यशाची संभाव्यता तीच राहिली आणि एका प्रयोगाचा दुसऱ्यावर परिणाम झाला नाही, तर एकूण यशांची संख्या किती असेल, हे ते वितरण सांगते. बाझेल येथील याकोब बेर्नुली यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ‘आर्स कॉन्जेक्टांदी’ या लॅटिन ग्रंथात त्याची पद्धतशीर मांडणी आढळते. त्याच सुमारास लंडनमध्ये अब्राहम द म्वाव्र हा फ्रेंच प्रॉटेस्टंट निर्वासित शिकवण्या करून आणि जुगाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन उदरनिर्वाह करीत होता. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा फतवा रद्द केल्यानंतर ज्यांना फ्रान्स सोडावा लागला त्यांपैकी तो एक होता. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १७११ मध्ये आलेल्या त्याच्या निबंधात अतिशय विरळ घटनांचा एक प्रश्न हाताळलेला आहे : घटनेची संभाव्यता अगदी लहान असेल, तर ती निदान एकदा घडण्याची आणि मुळीच न घडण्याची शक्यता समसमान होण्यासाठी किती प्रयोग करावे लागतील? शंभरात एकदा घडणाऱ्या गोष्टीसाठी या प्रश्नाचे उत्तर सुमारे ६९ येते, पन्नास नव्हे; आणि सोडतीची तिकिटे घेणाऱ्या सामान्य माणसाचा हिशेब चुकतो तो नेमका येथेच. विरळ घटनांच्या सूत्राचे बीज द म्वाव्रच्या त्या उत्तरात होते, परंतु त्याचे त्याने स्वतंत्र वितरण केले नाही.

ते सूत्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या सिमेआँ दनी प्वासाँ यांच्या हातीही ते आले ते आडवाटेनेच. त्यांचा १८३७ चा ग्रंथ फौजदारी आणि दिवाणी खटल्यांतील निवाड्यांच्या संभाव्यतेविषयी आहे. फ्रान्सच्या न्याय खात्याने १८२५ पासूनच्या फौजदारी खटल्यांची वार्षिक आकडेवारी छापण्यास सुरुवात केली होती, आणि बारा ज्यूरींपैकी किती जणांचे मत विरुद्ध गेल्यावर आरोपीला दोषी ठरवावे याविषयीचा कायदा त्याच काळात बदलत होता. पूर्वी सात विरुद्ध पाच एवढे मताधिक्य पुरत असे. १८३१ मध्ये निदान आठ मते आवश्यक ठरली आणि दोषी ठरणाऱ्यांचे प्रमाण लगेच घसरले. या आकड्यांवरून एकेका ज्यूरीच्या चुकण्याची संभाव्यता काढावी आणि निरपराध माणूस शिक्षेस पात्र ठरण्याची भीती किती, हे सांगावे, अशी प्वासाँ यांची महत्त्वाकांक्षा होती. ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. त्या जाडजूड ग्रंथात विरळ घटनांच्या सूत्राला मात्र जेमतेम पानभर जागा मिळाली असून ते द्विपद वितरणाची एक सीमा म्हणून आलेले आहे, आणि त्याचा एकही उपयोग तेथे दाखवलेला नाही.

सूत्राचा आशय थोडक्यात असा आहे. प्रयोगांची संख्या प्रचंड आणि प्रत्येक प्रयोगातील घटनेची संभाव्यता अत्यल्प असेल, तर या दोन्ही संख्या वेगवेगळ्या माहीत असण्याची गरज उरत नाही. त्यांचा गुणाकार, म्हणजे अपेक्षित सरासरी, कळली की पुरे होते. सरासरी ०.७ असेल, तर घटना एकदाही न घडण्याची संभाव्यता सुमारे ०.५०, एकदा घडण्याची सुमारे ०.३५, दोनदा घडण्याची सुमारे ०.१२ येते आणि पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. या वितरणाचे ओळखीचे लक्षण असे की, त्याची सरासरी आणि त्याचे प्रचरण एकच असतात. प्रचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. आकडे किती पसरलेले आहेत याचे ते माप होय. द्विपद वितरणात प्रचरण सरासरीपेक्षा नेहमी कमी असते. पुढच्या शतकाचा सारा वाद, प्रचरण सरासरीपेक्षा जास्त निघाले तर काय समजायचे, या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला.

प्वासाँच्या सूत्राला साठ वर्षांनी आश्रयदाता मिळाला. सेंट पीटर्सबर्गमध्ये १८६८ साली पोलिश वंशाच्या कुटुंबात जन्मलेले लाडिस्लाउस फॉन बोर्टकीविच यांनी ग्यॉटिंगेन येथे विल्हेल्म लेक्सिस यांच्या हाताखाली अध्ययन केले होते. समाजातील दरसालचे आकडे केवळ नशिबाने हलतात की त्यामागची संभाव्यताच बदलत असते, हे प्रत्यक्ष दिसणाऱ्या प्रसाराची सिद्धान्ताने अपेक्षित प्रसाराशी तुलना करून ठरवावे, अशी लेक्सिस यांची पद्धत होती. जन्ममृत्यूंसारख्या मोठ्या आकड्यांना ती लावली की, प्रसार बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त निघे. बोर्टकीविच यांनी अगदी लहान आकडे घेतले, आणि १८९८ मध्ये ‘लहान संख्यांचा नियम’ या आशयाच्या शीर्षकाची छोटीशी जर्मन पुस्तिका लाइपझिगहून प्रसिद्ध केली. प्रशियातील बालकांच्या आत्महत्या, काही जर्मन राज्यांतील स्त्रियांच्या आत्महत्या आणि औद्योगिक अपघात-विमा मंडळांकडे नोंदलेले प्राणघातक अपघात ही उदाहरणे त्यांनी घेतली. त्यांतील विमा मंडळे बिस्मार्कच्या १८८४ च्या कायद्याने अस्तित्वात आलेली होती, म्हणजे तो कायदा झाला नसता तर ते आकडेही मिळाले नसते.

मात्र लोकांच्या लक्षात राहिले ते चौथे उदाहरण : घोड्याची लाथ बसून मेलेले प्रशियन सैनिक. १८७५ ते १८९४ या वीस वर्षांत चौदा सैन्यदलांत मिळून असे १९६ मृत्यू झाले. एका दलाचे एक वर्ष हे एकक धरले, तर अशी २८० दलवर्षे होतात. त्यांपैकी १४४ मध्ये एकही मृत्यू नाही, ९१ मध्ये एक, ३२ मध्ये दोन, ११ मध्ये तीन आणि दोन दलवर्षांत चार मृत्यू नोंदले गेले. प्वासाँच्या सूत्राप्रमाणे हे आकडे अनुक्रमे सुमारे १३९, ९७, ३४, ८ आणि १ असे यायला हवेत. जुळणी वाईट नाही, पण निर्दोषही नाही, कारण सरासरी ०.७० असताना प्रचरण ०.७६ भरते. बोर्टकीविच यांनी स्वतःच दाखवून दिले की, राजरक्षक दल आणि आणखी तीन दले यांची रचना इतरांहून बरीच वेगळी होती. ती वगळली की २०० दलवर्षे आणि १२२ मृत्यू उरतात, आणि त्यांची वाटणी १०९, ६५, २२, ३ आणि १ अशी आहे. येथे सरासरी ०.६१ आणि प्रचरणही ०.६१ येते, सूत्राने काढलेले आकडे सुमारे १०९, ६६, २०, ४ आणि १ आहेत. रोनल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकात ही दहा दलांचीच सारणी घेतली, आणि तेव्हापासून ती जगभरच्या वर्गांतून फिरत आहे.

या सारणीने प्वासाँचे वितरण लोकप्रिय केले हे खरे असले, तरी तिने एक गैरसमजही रुजवला. चार दले वगळल्यावरच जुळणी इतकी सुरेख झाली, हा तपशील पाठ्यपुस्तकांतून गळाला, आणि निसर्ग आपणहून या सूत्राचे पालन करतो असा समज विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला. वास्तविक बोर्टकीविच यांचे म्हणणे बरेच सावध होते. आकडे लहान असले की, नशिबाचे चढउतारच इतके मोठे दिसतात की त्यांच्याआड संभाव्यतांमधला खरा फरक झाकून जातो, आणि म्हणून विरळ घटनांची मालिका प्वासाँच्या सूत्राशी जुळलेली दिसते, असा त्यांच्या नियमाचा रोख होता. सर्वांना धोका सारखाच आहे, असे ते म्हणत नव्हते; धोका सारखा नसला तरी तो लहान आकड्यांत दिसत नाही, असे ते म्हणत होते. लंडनच्या कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेतील ल्युसी व्हिटेकर यांनी १९१४ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात बोर्टकीविच यांच्या उदाहरणांची फेरतपासणी करून कठोर टीका केली.

दरम्यान तेच सूत्र डब्लिनच्या एका दारूभट्टीत नव्याने सिद्ध झाले. विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये गिनेस कंपनीत रसायनज्ञ म्हणून दाखल झाले. बिअर आंबवण्यासाठी घालायच्या यीस्टचे प्रमाण नेमके ठेवायचे, तर द्रवातील यीस्टच्या पेशी मोजाव्या लागतात, आणि त्यासाठी रक्तपेशी मोजण्याकरता बनवलेली, बारीक चौकटी कोरलेली काचपट्टी वापरली जात असे. अशा मोजणीत किती चूक संभवते, हा गॉसेट यांचा प्रश्न होता. कंपनी आपल्या नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसल्यामुळे त्यांचा १९०७ चा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला, आणि प्वासाँचे सूत्र त्यात द्विपद वितरणापासून नव्याने काढून दाखवले गेले. व्यवहारी निष्कर्ष साधा होता : मोजणीची चूक एकूण मोजलेल्या पेशींच्या वर्गमुळावर अवलंबून असते, त्यामुळे चारशे पेशी मोजल्या तर ती सुमारे पाच टक्के राहते, आणि ती निम्मी करायची तर चौपट मोजणी करावी लागते. परंतु त्याच निबंधात पुढच्या वादाची चाहूलही आहे. त्यांच्या पहिल्या नमुन्यातील ४०० चौरसांपैकी २१३ रिकामे निघाले, १२८ मध्ये एक, ३७ मध्ये दोन, १८ मध्ये तीन, तिहींत चार आणि एकात पाच पेशी होत्या. येथे सरासरी ०.६८ आणि प्रचरण ०.८१ भरते. या आकड्यांना द्विपद वितरण बसवायला गेले की, प्रयोगांची संख्या ऋण येते! ऋण संख्येचे प्रयोग ही गोष्ट उघडच निरर्थक असली, तरी त्यातून मिळणारे सूत्र नोंदींशी चांगले जुळत होते; आणि तेच ऋण द्विपद वितरण होय. जुगाराच्या गणितात, ठरावीक यशे मिळेपर्यंत किती अपयशे येतील, या रूपाने ते अठराव्या शतकापासून ठाऊक होते, पण मोजणीच्या आकड्यांत ते अशा विचित्र वेशात प्रकटले.

भौतिकशास्त्र आणि दूरध्वनी या क्षेत्रांत मात्र प्वासाँचे सूत्र विनातक्रार चालले, कारण किरणोत्सर्गी अणूंमध्ये माणसांसारखी विषमता नसते. मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफर्ड आणि हान्स गायगर यांनी पोलोनियमपासून निघणारे दहा हजारांहून अधिक अल्फा कण मोजले, तेव्हा साडेसात सेकंदांच्या २६०८ कालखंडांतील त्यांची वाटणी सूत्राबरहुकूम निघाली. १९१० च्या त्यांच्या निबंधाला जोडलेले गणिती टिपण हॅरी बेटमन यांचे आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीतील आग्नर क्रारूप अर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले की, एक्स्चेंजवर येणारे कॉल एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर त्यांची संख्या याच वितरणाप्रमाणे येते, आणि १९१७ मध्ये, ठरावीक तारा असलेल्या एक्स्चेंजवर किती कॉलना जागा मिळणार नाही, याचे सूत्र दिले. त्यात गुंतलेल्या तारांची संख्या ही मधेच तोडलेल्या प्वासाँ वितरणाप्रमाणे वागते. दूरसंचारातील वाहतूक मोजण्याच्या एककाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

माणसांच्या बाबतीत ही सरळ वाटचाल अडली ती पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या कारखान्यांत. ब्रिटनमध्ये पुरुष आघाडीवर गेल्यामुळे तोफगोळे भरण्याचे आणि यंत्रांवर त्यांची कवचे कातण्याचे काम लाखो स्त्रियांवर येऊन पडले होते, आणि कामाचे तास, थकवा व अपघात यांचा संबंध तपासणे सरकारला भाग पडले. डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ असलेले मेजर ग्रीनवुड (मेजर हे त्यांचे नाव होते, हुद्दा नव्हे) यांनी हिल्डा वुड्स यांच्यासह १९१९ मध्ये या अपघातांचा अहवाल लिहिला, आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज अडनी यूल यांच्याबरोबर त्याचे गणिती विवेचन रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडले. त्यातील एका सारणीत, तोफगोळे बनवणाऱ्या ६४७ स्त्रियांच्या पाच आठवड्यांतील अपघातांची मोजदाद आहे. ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही, १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच अपघात झाले. सर्वांना धोका सारखा असता, तर एकही अपघात न झालेल्या स्त्रिया सुमारे ४०६ असायला हव्या होत्या आणि तीन किंवा त्याहून अधिक अपघात झालेल्या जेमतेम आठ. प्रत्यक्षात त्या सव्वीस निघाल्या. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये तूट, असे या न जुळण्याचे रूप होते.

ग्रीनवुड आणि यूल यांनी या आकड्यांसमोर तीन गृहीतके ठेवली. पहिले शुद्ध योगायोगाचे, आणि ते वरील तुलनेतच बाद झाले. दुसरे असे की, आरंभी सर्वजणी सारख्याच असतात, पण एकदा अपघात झाला की त्या कामगाराची पुढील अपघाताची शक्यता बदलते. भीतीने ती सावध होते किंवा धक्क्याने अधिक चुका करू लागते. तिसरे असे की, अपघाताची प्रवृत्ती मुळातच प्रत्येकीत कमीअधिक असते आणि ती कामाच्या काळात बदलत नाही. तिसऱ्या गृहीतकाचे गणित करताना त्यांनी प्रत्येक स्त्रीसाठी प्वासाँ वितरण कायम ठेवले, परंतु त्याची सरासरी स्त्रीगणिक वेगळी मानली आणि तिचा पसरटपणा गॅमा या अखंडित वितरणाने व्यक्त केला. ही सरमिसळ केल्यावर जे सूत्र हाती आले ते ऋण द्विपद वितरणाचे होते, आणि त्याने दिलेले आकडे सुमारे ४४२, १४०, ४५, १४, ५ आणि २ असे, म्हणजे नोंदींना अगदी लगटून होते. गॉसेट यांच्या काचपट्टीवर निरर्थक वाटलेल्या ऋण चिन्हाला अशा रीतीने अर्थ मिळाला : तो माणसामाणसांतल्या फरकाचा हिशेब होता.

निदान तसे समजले गेले. पुढील दशकात ब्रिटनमध्ये एरिक फार्मर आणि ई. जी. चेंबर्स यांनी अपघातप्रवण व्यक्तीची संकल्पना रूढ केली, जर्मनीतही तिला पाठिंबा मिळाला, आणि काही थोड्या माणसांना हुडकून कामावरून दूर केले की अपघात कमी होतील, ही कल्पना कारखानदारांना साहजिकच आवडली. यंत्राला संरक्षक जाळी बसवण्यापेक्षा कामगार बदलणे स्वस्त पडते. ग्रीनवुड यांच्या सारणीने एवढा मोठा निष्कर्ष दिलेला नव्हता. सर्व स्त्रियांना सारखेच काम, सारखेच यंत्र आणि सारखाच प्रकाश मिळत होता का, हे केवळ अपघातांच्या संख्येवरून कळू शकत नाही. एखाद्या धोकादायक यंत्रावर नेमलेली स्त्रीही आकड्यांत अपघातप्रवणच दिसेल.

याहून खोल अडचण झुरिचहून पुढे आली. फ्लोरियान एगेनबर्गर आणि जॉर्ज पोल्या यांनी १९२३ मध्ये साथीच्या रोगांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या घटनांसाठी एक नमुना मांडला. एका भांड्यात दोन रंगांचे चेंडू आहेत. एक चेंडू काढला की तो परत टाकून त्याच रंगाचे आणखी काही चेंडू भांड्यात घालायचे, म्हणजे जे एकदा घडले ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढत जाते. या नमुन्यात आरंभी कोणीच कोणाहून वेगळे नसते, सारी विषमता घटनांमधूनच उत्पन्न होते, तरीही विरळ घटनांसाठी त्यातून निघणारे सूत्र ऋण द्विपदच असते. म्हणजे ग्रीनवुड आणि यूल यांचे दुसरे आणि तिसरे गृहीतक, जी एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत, ती एकाच वितरणाला जन्म देऊ शकतात. विल्यम फेलर यांनी १९४३ मध्ये हा मुद्दा स्पष्ट शब्दांत मांडला, आणि ग्रेस बेट्स व येर्झी नेमन यांनी १९५२ मध्ये दाखवले की, एका व्यक्तीचे एकूण अपघात किती, एवढेच माहीत असेल तर हे दोन खुलासे वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी प्रत्येक अपघाताची वेळ माहीत असावी लागते. खंडित वितरणांच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा धडा बहुधा हाच आहे, आणि उपयोजकांनी सर्वांत जास्त वेळा विसरलेलाही हाच.

उलट बाजूने, जेथे माणसांना हेतू दिसत होता तेथे शुद्ध योगायोगच निघाला, असेही एक प्रकरण याच काळातले आहे. जून १९४४ पासून लंडनवर जर्मनीचे व्ही-१ उडते बॉम्ब पडू लागले, तेव्हा ते विशिष्ट भागांवर नेम धरून टाकले जातात, अशी नागरिकांत समजूत पसरली. प्रुडेन्शियल या विमा कंपनीतील विमागणिती आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटरचे ५७६ सारखे चौरस पाडून त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. २२९ चौरसांत एकही बॉम्ब पडला नव्हता, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन, ३५ मध्ये तीन, सातांत चार आणि एकात सात बॉम्ब होते. प्वासाँच्या सूत्राचे पहिले तीन आकडे सुमारे २२७, २११ आणि ९९ असे येतात. त्यांचा निबंध अवघ्या एका पानाचा आहे. योगायोगही पुंजके पाडतो, हे लंडनच्या बॉम्बग्रस्त नागरिकांना पटवणे अवघड गेले असते, पण ५७६ चौरसांनी ते निर्विवाद दाखवले.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे खंडित वितरणांच्या घराण्याचा विस्तार वेगाने झाला. शेतातील अळ्या एकेकट्या न सापडता अंड्यांच्या पुंजक्यांभोवती सापडतात म्हणून नेमन यांनी १९३९ मध्ये पुंजक्यांची वितरणे मांडली. मलायातील फुलपाखरे गोळा करणारे ए. एस. कॉर्बेट यांना ११८ जाती एकेकदाच, ७४ जाती दोनदा आणि ४४ जाती तीनदा सापडल्या होत्या. न सापडलेल्या जातींची मोजणी अर्थातच शक्य नव्हती, म्हणून फिशर यांनी ऋण द्विपद वितरणातील शून्याचे घर काढून टाकून, आणि त्याचा एक प्राचल शून्याकडे नेऊन, १९४३ मध्ये लघुगणकीय श्रेणीचे वितरण तयार केले. साताऱ्याजवळच्या बुध या गावी जन्मलेले आणि लंडनमध्ये शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३८ मध्ये याच परंपरेत, प्वासाँ वितरणातून घेतलेल्या नमुन्यांना काय-वर्ग ही जुळणी तपासणारी कसोटी कितपत विश्वासाने लावता येते, याचा शोध घेतला. पुढे पीकपाहणी आणि पोषण या विषयांत त्यांची कीर्ती झाली, त्यामुळे हे सुरुवातीचे काम मागे पडले.

इतकी वितरणे झाल्यावर त्यांची वंशावळ लावण्याची गरज निर्माण झाली, आणि तिचे मुख्य केंद्र बनले मॉन्ट्रिअल येथील मॅगिल विद्यापीठात १९६३ मध्ये भरलेले परिसंवादसत्र. त्याचे संयोजक गणपती पी. पाटील यांनी, मोजणीच्या बहुसंख्य वितरणांना घातश्रेणीच्या एकाच साच्यात बसवता येते, हे आपल्या संशोधनात दाखवले होते, आणि परिसंवादातील निबंधांचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९६५ मध्ये कलकत्त्याहून निघाला. त्याच ग्रंथात लिओ कॅट्झ यांची साधी पण नेमकी मांडणी आहे. लागोपाठच्या दोन संख्यांच्या संभाव्यतांचे गुणोत्तर घेतले, आणि त्याला नंतरच्या संख्येने गुणले, तर द्विपद, प्वासाँ आणि ऋण द्विपद या तिन्हींत ते एका सरळ रेषेवर येते. रेषा उतरती असेल तर द्विपद, सपाट असेल तर प्वासाँ, चढती असेल तर ऋण द्विपद. तीन शतकांत वेगवेगळ्या गावी जन्मलेली ही वितरणे एकाच रेषेच्या तीन कलांवर उभी आहेत, हे पाहून गणिताच्या अभ्यासकाला समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. त्याच संग्रहात सी. आर. राव यांनी नोंदवहीवरच बोट ठेवले. एखादा आनुवंशिक दोष असलेली मुले शोधून त्यांच्या कुटुंबांची माहिती जमवली, तर ज्या कुटुंबांत असे मूल जन्मले नाही ती नोंदीत येतच नाहीत, आणि ज्यांत अशी मुले अधिक आहेत ती सापडण्याचा संभव वाढतो. म्हणून नोंद कशी झाली हे सूत्रातच समाविष्ट करायला हवे. पाटील आणि एस. डब्ल्यू. जोशी यांनी १९६८ मध्ये अशा सर्व वितरणांचा कोश आणि संदर्भसूची प्रसिद्ध केली.

कारणांचा वाद न मिटताही ऋण द्विपद वितरण ज्या धंद्यात सुखाने नांदले तो मोटारविम्याचा होय. विमागणित्यांनी १९६० च्या दशकात ग्रीनवुड आणि यूल यांचे तिसरे गृहीतक उचलले, कारण त्यातून एक उपयुक्त हिशेब निघतो : एखाद्याला आजवर किती अपघात झाले यावरून त्याची लपलेली सरासरी अंदाजता येते. तोफगोळ्यांच्या कारखान्यातील आकड्यांनाच ही रीत लावली, तर पाच आठवडे निर्धोक गेलेल्या स्त्रीला पुढील पाच आठवड्यांत सरासरी ०.३१ अपघात अपेक्षित ठरतात, आणि तीन अपघात झालेल्या स्त्रीला सुमारे १.३, म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. ही चौपट तिच्या हाताची की तिच्या यंत्राची, हा प्रश्न हप्ता ठरवणाऱ्याला पडत नाही, कारण पुढचा आकडा कळला की त्याचे काम भागते. कारखान्याचा निरीक्षक मात्र त्या प्रश्नाशिवाय एक पाऊलही टाकू शकत नाही. मागच्या अपघातांवरून पुढचा अंदाज बांधण्याच्या विमागणित्यांच्या विचाराचे एक सरळसोट रूप भारतातील मोटारमालकांच्या परिचयाचे आहे. दावा न केल्याच्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, सलग पाच वर्षांनंतर ती ५० टक्क्यांवर जाते, आणि ही सूट गाडीच्या नावे नसून मालकाच्या नावे असल्यामुळे जुनी गाडी विकून नवी घेतली तरी ती त्याच्याबरोबरच जाते.